आप्पांच्या हातची ब्रोकोली

धानोऱ्याच्या दोधू पाटलांना, म्हणजे आप्पांना, 'कसं काय आप्पा?' एवढंही विचारायची सोय उरली नव्हती. विचारणारा तिथेच अडकायचा. आप्पा त्याला ओट्यावर बसवायचे आणि ब्रोकोली सुरू करायचे. ही भाजी म्हणे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधले लोक खायचे. समुद्राकाठी एक रानटी कोबी उगवायचा, त्यातनं माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून बी धरलं आणि पत्ताकोबी, फूलकोबी, गाठकोबी, ब्रोकोली अशा सगळ्या लेकी त्या एकाच मायच्या पोटी आल्या. मग इटलीतनं पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या लोकांनी ती तिकडे रुजवली, आणि फिरत फिरत ती आप्पांच्या विहिरीकडच्या वावरात येऊन पोचली. रोम कुठे आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसायचं, आप्पांनाही नव्हतं, पण सांगायचे असे की जणू मागच्या आठवड्यात जाऊन आले.

गुणांची यादी तर त्यांना तोंडपाठ. संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व, पोट साफ ठेवणारा चोथा, हाडांना बळ, डोळ्यांना चांगली, शिवाय वजन वाढवत नाही. फार शिजवायची नाही, पाच मिनिटं वाफेवर ठेवायची, नाहीतर गुण पाण्यात जातात. हे सगळं गावच्या बायकांना सांगताना आप्पांचा हात हवेत झाकण उघडायचा आणि बायका पदराआड हसायच्या. ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, तो स्वयंपाक शिकवायला निघाला!

पण गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आप्पांच्या पत्नी निर्मलाबाई गेल्या आणि हसणं बंद झालं. तेव्हापासून आप्पांच्या व्याख्यानाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं.

"शेवटला सव्वा महिना तिनी मन्हा हातनं रांधेल खाधं. इतलं तरी मन्हा हातनं व्हयनं."

हे वाक्य आलं की आप्पांची सून रुचिका हातातलं काम टाकून उठायची आणि मागच्या दारी जायची. कारण जे गावात कोणालाच माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. आडपडदा न ठेवता सांगायचं तर, त्या ब्रोकोलीनंच निर्मलाबाई गेल्या होत्या.

झालं होतं ते असं. आदल्या श्रावणात निर्मलाबाईंच्या हृदयाचा वॉल, म्हणजे झडप, बदलली, सुरतेला. घरी येताना रक्त पातळ ठेवायची गोळी मिळाली, जन्मभराची, आणि सूचनांचा एक कागद. गोळी चुकवू नका, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासा, हिरव्या पालेभाज्या एकदम वाढवू नका. घरानं कागद अगदी काटेकोर पाळला. वावरात मेथी हातभर वाढली, कोणी तोडली नाही. पालक, शेपू, पोकळा, सगळं बंद. दिवाळीच्या तपासणीत रक्त हवं तसं निघालं. डॉक्टर खूश, घर खूश.

आणि नेमकं त्याच वर्षी आप्पांनी अर्ध्या एकरात ब्रोकोली लावलेली. बायको उन्हाळ्यात दम लागून चार पावलं चालेना, तेव्हाच त्यांच्या मनानं घेतलं होतं की हिच्यासाठी ताकदीचं काहीतरी पिकवायचं. मार्गशीर्षात पहिला गड्डा कापला तो त्यांनी अडत्याकडे पाठवला नाही, थेट स्वयंपाकघरात आणला आणि सुनेला म्हणाले, सरक. रुचिका पाहतच राहिली. पहिल्या दिवशी भाजीचा चिखल झाला. दुसऱ्या दिवशी करपली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी लसूण, हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट घालून बऱ्यापैकी जमवली, ताट वाढलं आणि बायकोच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. निर्मलाबाईंना काय करावं सुचेना. पदर सावरून त्या उठायलाच लागल्या, जणू ताट दुसऱ्याच कोणाचं होतं.

ही पालेभाजी नव्हे, हा गोबीचा प्रकार, फुलाचा गड्डा. मग कागदाचा आणि तिचा संबंध काय? असं आप्पांना वाटलं, निर्मलाबाईंना वाटलं, आणि शहाद्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेल्या रुचिकालाही वाटलं. अहो, वाटलं म्हणजे काय, तिनंच तर संध्याकाळी मोबाईलवरनं आप्पांना गुण वाचून दाखवले होते. 'के जीवनसत्त्व भरपूर, रक्त गोठायला मदत करते', हेही वाचलं होतं, चांगलं ठणठणीत आवाजात. वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेली. बी.एस्सी. झालेली बाई!

मग रोज ताट. रोज म्हणजे रोज, दोन्ही वेळ. निर्मलाबाई मुकाट्यानं खायच्या, बोटानं ताट पुसून घ्यायच्या. एकदा भांडी घासताना रुचिकानं विचारलं, जिजी, तुम्हाला आवडते का हो ती? तर त्यांनी आधी दाराकडे बघून घेतलं.

"चव काहीच नही पोरी त्याले," त्या म्हणाल्या. "पन मानूस इतला वरीसमा पहिलांदाव चुलापुढे बसना. नको कशी म्हनू?"

डिसेंबरची तपासणी राहिली. तोडणी जोरात होती, क्रेट भरायला माणसं मिळत नव्हती, आणि निर्मलाबाईंचं आपलं एकच, मला काय झालंय, चांगली तर आहे, संक्रांत झाली की जाऊ. खरंच चांगल्या दिसत होत्या. गाल भरले होते. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गाल दाखवायचे. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना त्यांच्या हातातला तांब्या सुटला, तोंड वाकडं झालं आणि त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत.

सुरतेच्या अतिदक्षता विभागात चार दिवस गेले. चौथ्या दिवशी भाग्येश, म्हणजे रुचिकाचा नवरा, रक्ताच्या पिशवीसाठी बाहेर धावला होता, आप्पा खाली बाकावर होते. डॉक्टरांनी रुचिकाला आत बोलावलं. नवीन वॉलवर गाठ धरली, तिचा तुकडा मेंदूत गेला, असं सांगितलं. मग विचारलं, खाण्यात काही बदल? तिनं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, रोज? ती म्हणाली, दोन्ही वेळ. त्यांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, तेवढं तरी रागवायला हवं होतं असं तिला नंतर कितीदा वाटलं. ब्रोकोली काही विष नाही, ते म्हणाले, थोडी आणि ठरावीक खाल्ली असती तर गोळीचा डोस तिच्या मापानं बसवला असता. पण ही गोळी एका बाजूला ओढते आणि ती भाजी दुसऱ्या बाजूला. एकाएकी रोज ताटभर म्हणजे गोळी न घेतल्यासारखंच. त्याच संध्याकाळी निर्मलाबाई गेल्या.

रुचिकानं हे कोणाला सांगितलं नाही. भाग्येशलाही नाही. तो तळोद्याच्या पलीकडे आश्रमशाळेत मास्तर, शनिवारी घरी यायचा. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. दशक्रियेच्या दिवशी आप्पा भिंतीला टेकून बसले होते आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत होते, की मी तिला खाऊ घातलं. त्या माणसाजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. ते कसं काढून घ्यायचं? आणि खरं बोलायचं तर भीतीही होती. आप्पा म्हणाले असते, वाचून तर तूच दाखवलं होतंस. मग काय उत्तर दिलं असतं तिनं? वर्षभर ती स्वतःला सांगत राहिली की मी आप्पांसाठी गप्प आहे. निम्मं खरं होतं ते.

आप्पांनी यंदाही ब्रोकोली लावली. उलट जास्तच, पाऊण एकर. निर्मलाबाईंच्या नावानं ते वानवळा वाटायला लागले. पहिल्या तोडणीचे गड्डे बाजारात न जाता पिशव्या भरभरून घरोघर गेले. बाळंतिणीला दोन, म्हाताऱ्याला दोन, ज्याचं पोट बिघडलं त्याला चार. रुचिका काही बोलली नाही. निरोग्या माणसाला चांगलीच आहे ती भाजी, खाऊ देत.

एक दिवस दुपारी जेवताना आप्पांनी सहज सांगितलं. नंदुरबारच्या भाजी बाजारातले अडत्ये हबीबभाई, आप्पांचे तीस वर्षांपासूनचे दोस्त, सुरतेहून ऑपरेशन करून घरी आले होते.

"त्याले बी वॉलच बसाडेल शे," आप्पा भाकरी मोडत म्हणाले. "तीच गोळी शे, निर्मलानी व्हती ती. आठ रोज व्हयनात, मी रोज ब्रोकोली लई जास. समोर बसीसन खावाडस."

रुचिकाच्या हातातली पळी तशीच राहिली. आठ दिवस! तिला वाटलं आप्पा शेताकडे जातात. ते मोटारसायकलच्या डिकीत गड्डे घालून नंदुरबारला जात होते, हबीबभाईंच्या स्वयंपाकघरात उभे राहून शिजवत होते आणि वर बजावत होते, ताटात काही टाकायचं नाही.

आप्पा दुपारचे आडवे झाले तसं तिनं मागच्या दारी जाऊन हबीबभाईंच्या बायकोला, अख्तरबानोंना फोन लावला. म्हणाली, भाभी, ती भाजी जरा कमी द्या, जड असते. अख्तरबानो हसल्या. आम्ही कोण देणारे, आप्पा स्वतः वाढतात, त्यांच्यासमोर नको म्हणायची कोणाची हिंमत आहे? आणि निर्मलाभाभीला महिनाभर कशी तरतरी आली होती ते सांगतात तेव्हा डोळे भरून येतात त्यांचे, मग हेही खातात बिचारे. रुचिकानं विचारलं, हबीबभाईंची रक्ततपासणी झाली का? पुढच्या आठवड्यात आहे म्हणाल्या. खरं कारण रुचिकाच्या जिभेपर्यंत आलं होतं. पण ते अख्तरबानोंना कळलं की हबीबभाईंना कळणार, आणि उद्या हबीबभाई ताट सरकवून आप्पांना म्हणणार की तुमच्या सुनेनं असं असं सांगितलं. आप्पांनी ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं? तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या आधी तिनं वावरात जाऊन पाहिलं. गड्डे उभे होते, घट्ट, गडद हिरवे, दव पडलेले. कापून फेकून द्यावेत असंही मनात आलं. पण किती फेकणार? आणि आप्पांनी बाजारातनं विकत नेले असते. त्या वावरात उभं राहून रुचिका चांगली मोठ्यानं रडली. मग तोंड धुतलं, घरी आली, तोवर आप्पा पिशवी घेऊन निघूनही गेले होते.

ती फाट्यावरनं एसटीनं नंदुरबारला गेली. हबीबभाईंच्या घरी पोचली तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, पुढ्यात ताट होतं, आप्पा खुर्ची ओढून समोर. लसणीचा तोच वास. आप्पा सांगत होते की निर्मला ताट अगदी बोटानं पुसून घ्यायची, इतकी आवडायची तिला. हबीबभाईंनी घास उचलला होता.

रुचिका चपला न काढताच आत गेली आणि तिनं ते ताट समोरनं उचललं.

भरलं ताट! तेही आजारी माणसाच्या पुढ्यातनं, दुसऱ्याच्या घरात, सासऱ्यासमोर. अख्तरबानो दारातच थिजल्या. आप्पा खुर्चीतनं अर्धे उठले आणि तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले, की तुझं डोकं फिरलं का. ताट घट्ट धरूनच ती म्हणाली,

"आप्पा, ह्या गोळीवर ही भाजी रोज चालत नही. गोळी काम करत नही, रक्त गोठस."

आप्पा खाली बसले आणि चक्क हसले. बारकं पोर चुकल्यावर हसतात तसे.

"काही बी काय सांगस? निर्मलानी सव्वा महिना खाधी ना."

"जिजीमुळेच माले माहीत शे, आप्पा."

 आप्पांना कळायला वेळ लागला. ते तिच्याकडे बघत राहिले, मग ताटाकडे, मग परत तिच्याकडे. हबीबभाईंनी हातातला घास हळूच उशीशेजारी ठेवला.

"डाक्टरनी सांगं?" आप्पांनी विचारलं.

"हां."

"कधय?"

"ती गयी त्याच रोज."

आप्पा उठले, तिच्या हातातनं ताट घेतलं, मोरीत नेऊन उपडं केलं आणि स्वतः घासलं. नीट घासलं, दोनदा विसळलं. अख्तरबानो मधे पडायला गेल्या, त्यांना हातानंच थांबवलं. मग बाहेर येऊन, हात तसेच ओले, ते हबीबभाईंना म्हणाले, चल, रक्त तपासून येऊ, आत्ताच. हबीबभाई रडायला लागले होते. आप्पांचे डोळे कोरडे होते आणि तेच रुचिकाला बघवेना.

रिक्षानं चौघं तपासणी केंद्रात गेले. रक्त दिलं, दीड तास बसायला सांगितलं. रक्ताच्या पातळपणाचा आकडा हवा त्यापेक्षा खाली आला होता. अख्तरबानोंनी सुरतेला फोन लावून दिला, डॉक्टरांशी रुचिकाच बोलली, सगळं सांगितलं. त्यांनी गोळी कशी वाढवायची ते सांगितलं, लक्षणं कोणती बघायची ते सांगितलं, आणि चार दिवसांनी परत तपासून कळवा म्हणाले. आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं. हबीबभाई बचावले. त्यांनी आप्पांचा हात धरून ठेवला, दोस्ता, तुझा काय कसूर, असं ते हिंदीत पुन्हापुन्हा म्हणत होते. आप्पा मान डोलवत होते, पण ऐकत होते असं वाटत नव्हतं.

हबीबभाई आणि अख्तरबानो घरी गेल्यावर आप्पा तपासणी केंद्रातल्या बाकावर परत बसले. रुचिका शेजारी बसली. तिनं सगळं सांगून टाकलं. ते गुण मीच वाचून दाखवले होते, मला कळायला हवं होतं, मी भ्याले म्हणून वर्षभर बोलले नाही. आप्पांनी शिव्या द्याव्यात म्हणून ती वाट बघत होती. एखादी थप्पड बसली असती तरी हलकं वाटलं असतं. आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं,

"तिले आवडे तरी का ती?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. एक हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याजवळ तेवढं तरी राहिलं असतं. पण एक वर्ष खोट्याला दिलं होतं तिनं, आणि त्याच्यापायी आज दुसरा माणूस जाता जाता राहिला होता.

"नही आप्पा. तुम्ही करी ऱ्हायनात म्हनून खाये ती."

आप्पांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध होतं. निर्मलाबाईंच्या नावाचं पान वाढायचं होतं आणि त्या पानावर काय ठेवायचं हे आप्पांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं, त्यासाठी चांगले चार गड्डे राखूनही ठेवले होते. ते आता तिच्याकडे वळले. आवाज अगदी साधा होता, घरात मिठाचा डबा कुठे आहे विचारावं तसा.

"मंग तिले काय आवडे, पोरी? पानवर काय वाढू?"

रुचिकानं सांगायला तोंड उघडलं. वांग्याचं भरीत? ते भाग्येशला आवडायचं. कळण्याची भाकरी आप्पांना. शेवभाजी तिला स्वतःला, म्हणून जिजी दर शनिवारी करायच्या. नऊ वर्षं ती त्या बाईच्या शेजारी चुलीपाशी बसली होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जिजी पातेल्यात जे उरेल ते ताटात घ्यायच्या आणि तेव्हा रुचिका ओटा आवरत असायची, तिची पाठ असायची. जिजींनी कधी काही दुसऱ्यांदा मागून घेतलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. आप्पा उत्तराची वाट बघत होते.

"माले माहीत नही, आप्पा," ती म्हणाली.

"माले बी नही," आप्पा म्हणाले, आणि तेव्हा कुठे ते रडायला लागले.